खाड्याचा हिशोब आणि पोर्टफोलिओ: नागपूरच्या नवख्या डेव्हलपरसाठी

आमच्या टीममध्ये फ्रेशर घ्यायचा असला की अर्जांची पहिली चाळणी माझ्याकडे येते. एका अर्जावर जेमतेम दोन-तीन मिनिटं जातात, तीही बहुतेक वेळा जेवणानंतर, बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना आणि डोळ्यांवर झापड असताना. गिटहबची, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटची, लिंक उघडतो. टू-डू लिस्ट, वेदर अ‍ॅप, कॅल्क्युलेटर, एखाद्या ओटीटीच्या होमपेजची नक्कल. पुढचा अर्ज उघडतो. तेच, क्रम तेवढा वेगळा. पोरं कष्टाळू असतात, त्यात वाद नाही. पण हे चारही प्रोजेक्ट यूट्यूबवरच्या कुठल्या ना कुठल्या प्लेलिस्टमधून आलेत, हे मलाही कळतं आणि त्यांनाही माहीत असतं.

मी काही वेगळा नव्हतो. माझ्या पहिल्या पोर्टफोलिओत, म्हणजे स्वतःचं काम दाखवायच्या पानावर, ‘जावा ८० टक्के, सीएसएस ९० टक्के’ अशा रंगीत पट्ट्या होत्या. मुलाखत घेणाऱ्यानं शांतपणे विचारलं, “उरलेल्या वीस टक्क्यांत काय काय येतं?” मला त्यातलं एकही नाव सांगता आलं नाही. पट्ट्या त्याच रात्री काढल्या.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. कॅम्पसवर शेकड्यानं भरती करणाऱ्या कंपन्यांची पहिली गाळणी अ‍ॅप्टिट्यूड आणि कोडिंग टेस्टची असते. तिथं पोर्टफोलिओ कुणी उघडेल याची खात्री नाही, त्यामुळे टेस्टची तयारी सोडून याच्या मागे लागू नका. पोर्टफोलिओ कामाला येतो तो परसोडीच्या आयटी पार्कमधल्या दहा-वीस जणांच्या कंपनीत, ऑफ-कॅम्पस अर्जात, रिमोट कामात आणि फ्रीलान्सिंगमध्ये. म्हणजे जिथं तुमच्या कॉलेजचं नाव समोरच्याला फारसं काही सांगत नाही, तिथं.

पहिली पायरी: टेक्नॉलॉजी नाही, माणूस शोधा

‘कोणता प्रोजेक्ट करू?’ हा प्रश्न गूगलला विचारला की उत्तर सगळ्यांना सारखंच मिळतं. तो आपल्या गल्लीत विचारा. वहीत हिशोब ठेवणारा माणूस नागपुरात शोधायला लांब जावं लागत नाही. गांधीबागेतल्या कापड दुकानात उधारीची वही असते. कळमन्याच्या अडत्याकडे शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, असतात. काटोल-नरखेडकडचे नातेवाईक असतील तर संत्र्याची बाग आहेच, आणि तिचा हिशोब एप्रिल ते मार्च चालत नाही, बहारानं, म्हणजे फुलोऱ्याच्या हंगामानं चालतो, आंबिया की मृग. तयार अकाउंटिंग सॉफ्टवेअर आर्थिक वर्ष धरून बसतं, बागेला ते वर्ष ठाऊक नसतं. असा न जुळणारा सांधा दिसला की समजा प्रोजेक्ट सापडला.

मला आवडलेलं एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच्यावरच दाखवायच्या आहेत. आमच्याकडे मुलाखतीला आलेल्या एका मुलीनं हिंगणा रोडवरच्या, ती जेवायची त्या मेसचा हिशोब करून दिला होता. मेस चालवणाऱ्या काकूंची तक्रार एकच: “पोट्टे खाडा सांगत नाहीत अन् महिना भरला का भांडून राहिले.” प्रोजेक्टचं पूर्ण वर्णन या एका वाक्यात आहे. युजर कोण, त्रास काय, भांडण कशावरून, सगळं आलं.

दुसरी पायरी: कोड उघडण्याआधी नियम लिहा

त्या मुलीनं आधी लॅपटॉप उघडला नाही. काकूंसमोर बसून वहीत नियम उतरवले. महिन्याचे ३,००० रुपये. रविवारी रात्री मेस बंद. खाडा आदल्या रात्री नऊच्या आत सांगायचा. सलग तीन दिवस किंवा जास्त खाडा असेल तरच पैसे वजा, एका-दोन दिवसांचे नाहीत. दिवसाचा दर काढताना महिना २८ चा असो की ३१ चा, भागायचं तीसनंच, म्हणजे रोजचे शंभर. पाच दिवस गावी गेलात तर २,५०० द्यायचे.

सोपं वाटतं ना? मग तिनं काकूंना विचारलं, “मार्चच्या ३० आणि ३१ तारखेला खाडा अन् एप्रिलच्या १ तारखेलाही, तर?” दिवस सलग तीनच, पण बिल ३१ ला निघतं आणि त्या वेळी दोनच दिसतात. काकू थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “जोडून धरायचे. एप्रिलमध्ये वजा करून देऊ.” दुसरा प्रश्न रविवारचा. रात्री मेस तशीही बंदच, मग दुपारी न जेवणाऱ्याचा खाडा पूर्ण दिवसाचा की अर्ध्याचा? याचं उत्तर काकूंकडेही तयार नव्हतं. दर महिन्याच्या भांडणाचं मूळ तेच निघालं.

मुलाखतीत अर्धा तास आम्ही याच दोन प्रश्नांवर बोललो. रिअ‍ॅक्ट की अँग्युलर (वेबपानं बनवायची साधनं), हा विषय निघालाही नाही. तुमच्या प्रोजेक्टमध्ये असे दोन-तीन अडचणीचे प्रश्न सापडेपर्यंत समोरच्या माणसाला विचारत राहा. सापडलेच नाहीत, तर एक तर प्रोजेक्ट फार उथळ आहे किंवा तुम्ही पुरेसं विचारलेलं नाही.

तिसरी पायरी: छोटं बनवा, आणि गिटला खरं सांगा

पहिल्या आठवड्यात लॉगिन, डॅशबोर्ड, डार्क मोड, चार्ट यातलं काहीही नको. एक फंक्शन: खाड्याच्या तारखा द्या, बिल परत घ्या. त्याला सात-आठ टेस्ट, म्हणजे उत्तर बरोबर येतं का ते तपासणारे छोटे कोड. मार्च-एप्रिलचा सांधा हीच एक टेस्ट, आणि तिचं नावही वाचून कळेल असं ठेवा, ‘महिन्याच्या सीमेवरचे सलग खाडे पुढच्या बिलात वजा होतात’ या अर्थाचं. टेस्ट लिहिणारे फ्रेशर इतके कमी दिसतात की टेस्टचं फोल्डर नजरेला पडलं की मी जरा सावरून बसतो.

हे फंक्शन चाललं की मग त्याच्यावर स्क्रीन चढवा. रुपये पूर्णांकात ठेवा, सुट्ट्या पैशांचा प्रश्न असेल तर सगळी रक्कम पैशांतच साठवा. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ येत नाही, शेवटी एक चिल्लर शेपूट लागतं. हिशोबाच्या अ‍ॅपमध्ये ते शेपूट दिसलं की काकूंचा विश्वास गेला.

गिट म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणारी व्यवस्था. तिच्याबद्दल दोनच गोष्टी. पहिली, कमिट, म्हणजे बदलाची एक नोंद. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘आता खरंच फायनल’ असे तीन कमिट आणि तिसऱ्यात चार हजार ओळी दिसल्या की मला एकच कळतं, काम दुसरीकडे झालं आणि इथं आणून ओतलं. रोजचं काम रोज कमिट करा आणि संदेशात काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पासवर्ड आणि एपीआय की (दुसरी सेवा वापरायची गुप्त किल्ली) एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये, म्हणजे गुप्त गोष्टींच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि त्या फाइलचं नाव गिटइग्नोरमध्ये (गिटनं वगळायच्या फाइलींच्या यादीत) टाका, तेही पहिल्या कमिटच्या आधी. चुकून ती की गिटहबवर चढलीच (पुश झालीच), तर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ पुसून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ती तशीच असते. आधी ज्या सेवेची की आहे तिथं जाऊन ती रद्द करा, नवी घ्या, आणि मग इतिहास साफ करण्याचं बघा. बरेच जण याच्या नेमकं उलट करतात.

काकूंची खरी वही डेमोत घालू नका. मुलांची नावं, मोबाइल नंबर, कोणाची किती बाकी, हे जगाला दाखवायचा हक्क तुम्हाला नाही. डेमोसाठी वीस खोटी नावं बनवा.

चौथी पायरी: रीडमी

तुमचा कोड वाचण्याआधी मी रीडमी, म्हणजे प्रोजेक्टसोबतची माहितीची फाइल, वाचतो, आणि खूपदा तिथंच थांबतो. नेहमी दिसणारा नमुना असा:

“मेस मॅनेजमेंट सिस्टिम. हा फुल स्टॅक प्रोजेक्ट रिअ‍ॅक्ट, नोड आणि मोंगोडीबी वापरून बनवला आहे. फीचर्स: लॉगिन, अ‍ॅड, एडिट, डिलीट.”

आणि हा त्या मुलीचा, थोडा आवरून, मराठीत:

“हिंगणा रोडवरच्या एका मेसमध्ये चाळीस मुलं जेवतात. महिनाअखेरीस खाड्यावरून वाद होतात, कारण नोंद तोंडी असते. या अ‍ॅपमध्ये मुलगा रात्री नऊच्या आत मोबाइलवर खाडा टाकतो आणि बिल आपोआप निघतं. सलग खाडे दोन महिन्यांत विभागले गेले तर काय होतं ते नियमांच्या फाइलमध्ये लिहिलं आहे. रविवारचा अर्धा खाडा अजून सुटलेला नाही, सध्या तो पूर्ण दिवस धरला जातो.”

शेवटचं वाक्य पाहा. काय सुटलं नाही हे तिनं स्वतःहून सांगितलं. प्रोजेक्टमधलं अपुरेपण लपवावं असं नवख्यांना वाटतं. माझ्यासारख्याला ते वाचून उलट बरं वाटतं, कारण रोजच्या कामात आम्हाला असंच सांगणारा माणूस हवा असतो.

खाली एक स्क्रीनशॉट, चालू लिंक, आणि प्रोजेक्ट स्वतःच्या मशीनवर चालवण्याच्या चार-पाच आज्ञा. त्या आज्ञा खऱ्या आहेत का हे तपासायची एकच रीत: रूममेटचा लॅपटॉप घ्या, रेपो (प्रोजेक्टचं गिटहबवरचं फोल्डर) नव्यानं क्लोन करा, म्हणजे उतरवून घ्या, रीडमीत लिहिलंय तेवढंच करा. तुम्ही त्याच्या खांद्यावरून बोललात तर परीक्षा बाद. पहिल्या वेळी हमखास काहीतरी अडतं. नोडची आवृत्ती लिहायची राहिलेली असते, किंवा एन्व्हायर्नमेंट फाइलचा रिकामा नमुना दिलेला नसतो.

रीडमी इंग्रजीत लिहा. वाचणारा बंगळुरूचाही असू शकतो. पण ते इंग्रजी तुमचंच असू द्या. चॅटबॉटकडून लिहून घेतलेला, प्रत्येक ओळीला रॉकेटचं चित्र लावलेला रीडमी आता लांबून ओळखू येतो.

पाचवी पायरी: चालू लिंक

नुसतं पान असेल तर गिटहब पेजेस पुरे, सार्वजनिक रेपोसाठी ते फुकट आहे. मागे सर्व्हर असेल तर मोफत होस्टिंगची खोड आधी समजून घ्या. उदाहरणार्थ, रेंडर या होस्टिंग सेवेच्या मोफत योजनेत १५ मिनिटं कुणी फिरकलं नाही की तुमची वेब सेवा झोपते, आणि पुढच्या माणसासाठी जागी व्हायला मिनिटभर घेते. माझी दोन-तीन मिनिटं आठवतात ना? त्यातलं एक रिकाम्या पांढऱ्या स्क्रीनकडे बघण्यात गेलं.

यावर उपाय साधे आहेत. लिंकशेजारी लिहा की पहिल्यांदा उघडायला मिनिट लागेल. रीडमीत वीस-तीस सेकंदांचं स्क्रीन रेकॉर्डिंग ठेवा, म्हणजे सर्व्हर झोपलेला असला तरी अ‍ॅप दिसतं. आणि डेमोचं युजरनेम-पासवर्ड तिथंच द्या. माझ्याकडून नोंदणी करून घेऊन, ईमेलवर ओटीपी पाठवून मग अ‍ॅप दाखवणारे महाभाग आहेत. मी तो ओटीपी आजवर एकदाही टाकलेला नाही.

सहावी पायरी: मराठी ही तुमची जमेची बाजू

ही पायरी सक्तीची नाही, पण माझ्या मते इथं आपल्याकडच्या मुलांना खरी संधी आहे. काकूंना स्क्रीन मराठीत हवी. ती मराठीत केली की असे प्रश्न समोर येतात, जे इंग्रजी ट्युटोरियल करणाऱ्याला कधी भेटतच नाहीत.

जावास्क्रिप्टला ‘नागपूर’ या शब्दाची लांबी विचारा. उत्तर ६ येतं. आपण मोजतो तेव्हा ना, ग, पू, र अशी चारच अक्षरं. काना आणि ऊकार कॉम्प्युटरच्या लेखी वेगळे मोजले जातात. त्यामुळे नाव दहा अक्षरांवर कापायचं ठरवलंत तर काना एका ओळीत आणि अक्षर दुसऱ्या ओळीत असा अपघात होतो. यासाठी भाषेतच ‘इंटल सेगमेंटर’ नावाची सोय आहे, ती हीच चार अक्षरं देते. आकड्यांचंही तसंच: लोकॅल (भाषा आणि देशाची निवड) मराठी-भारत दिलं की १२३४५६ चं १,२३,४५६ होतं, देवनागरी अंकांत आणि लाखाच्या स्वल्पविरामासह. त्यासाठी स्वतः रेजेक्स (मजकूर शोधून बदलायचं सूत्र) लिहिणारे मी पाहिलेत.

त्याहून अवघड आडनावांचा शोध. ‘कऱ्हाडे’ मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) दोन वेगळ्या पद्धतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. एका कीबोर्डवरून टाकलेलं नाव दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं की ‘सापडलं नाही’. नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन (अक्षरांची वेगळी रूपं एक करायची क्रिया) लावूनही हे दोन्ही एक होत नाहीत, तुम्हालाच एक रूप ठरवून बदलून घ्यावं लागतं. शिवाय पूनम आणि पुनम आहेतच. यातला एक जरी प्रश्न तुम्ही सोडवलात आणि कसा सोडवला ते अर्ध्या पानात लिहिलंत, तर मुलाखतीत बोलायला तुमच्याकडे स्वतःचं काहीतरी असेल.

सातवी पायरी: स्वतःची साइट

लोक सुरुवात इथून करतात आणि महिनाभर इथंच अडकतात. फिरणारे कण, टाइप होणारं नाव, माउसमागे धावणारा गोळा. हे नको. एक पान पुरतं. नाव, तुम्ही काय करता याची एक ओळ, दोन-तीन प्रोजेक्ट, प्रत्येकी तीन वाक्यं आणि दोन लिंका, रेझ्युमेची पीडीएफ, ईमेल. मोबाइल नंबर उघड्यावर टाकू नका, लोनवाल्यांचे फोन सुरू होतील. फिकट राखाडीवर पांढरी अक्षरं नकोत. मजकूर आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ असावा, क्रोममधलं लाइटहाऊस तो मोजून देतं.

स्वतःचं डोमेन असलं तर छान, नसलं तरी अडत नाही. घ्यायचंच असेल तर पहिल्या वर्षाच्या सवलतीवर जाऊ नका, नूतनीकरणाचा दर बघा.

गिटहबचं प्रोफाइल हाही पोर्टफोलिओच आहे. युजरनेमच्याच नावाची सार्वजनिक रेपो काढून तिच्यात रीडमी ठेवला की तो प्रोफाइलवर सगळ्यात वर दिसतो. प्रोफाइलवर निवडून दाखवायच्या रेपो, म्हणजे पिन, सहापर्यंत करता येतात, म्हणून सहा केलेच पाहिजेत असं नाही. तीन चांगले असतील तर तीन. टू-डू लिस्ट आणि वेदर अ‍ॅप प्रायव्हेट करून टाका. शिकताना ते हवेच होते, दाखवायला नकोत.

दोन नाजूक विषय

फायनल इयरचा प्रोजेक्ट चौघांचा असतो आणि चौघंही तो ‘माझा’ म्हणून लावतात. एकाच बॅचचे दोघं एकाच दिवशी समोर आले की मजा होते. रीडमीत स्पष्ट लिहा: डेटाबेसची रचना आणि बिलाचा भाग माझा, स्क्रीन दुसऱ्याच्या. कमिटमध्ये ते दिसतंच, मग आधीच सांगितलेलं बरं.

दुसरा विषय एआयचा. कोड लिहिताना मदत घेतली म्हणून मी कुणाला नाकारत नाही, आम्हीही घेतो. पण मुलाखतीत मी लॅपटॉप पुढे सरकवून एक छोटा बदल करायला सांगतो. “काकूंनी आता तीनऐवजी दोन दिवसांची अट केली, करून दाखव.” स्वतः समजून लिहिलेल्या माणसाला फाइल कुठली ते लगेच सापडतं. दुसरा स्क्रोल करत राहतो, वर-खाली, वर-खाली, आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज. ज्या फाइलमधली एखादी ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नाही, ती फाइल एक तर समजून घ्या, नाहीतर प्रोजेक्टमधून काढा.

शेवटची पायरी: पाठवण्याआधी

अर्जाच्या मेलमध्ये ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’च्या खाली परिच्छेदांची रांग नको. चार ओळी: कोण, कोणत्या जागेसाठी, एक प्रोजेक्ट एका वाक्यात, लिंक. कंपनी जे काम करते त्याच्या जवळचा प्रोजेक्ट पहिला ठेवा. बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना मेसचा हिशोब, लॉजिस्टिकवाल्यांना दुसरं काही असेल तर ते.

आणि लिंक स्वतःच्या लॅपटॉपवर तपासू नका. तिथं तुम्ही लॉगिन केलेले असता, त्यामुळे प्रायव्हेट राहिलेली रेपोही तुम्हाला उघडी दिसते, समोरच्याला मात्र ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, असं येतं. दर हंगामात दोन-तीन बरे अर्ज माझ्याकडे याच एका कारणानं पडून राहतात. संध्याकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर मित्र भेटतीलच. त्यातल्या एकाचा फोन मागा, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तुमची लिंक उघडायला सांगा, आणि पोहे येईपर्यंत तोंड बंद ठेवून नुसतं बघा, तो कुठं अडतो ते.